सावली थांबत नाही, मी थांबतो

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काटे, काच, चावी असं काहीबाही आलं असेल. ते सगळं विसरा. मला ना काटे, ना काच. ॲप बनवायच्या एका साधनात माझा जन्म झाला. तिथं फारसं लिहावं लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवत गेलं की ॲप तयार होतं. बटण पडद्यावर दिसतं, चित्र दिसतं, पाटी दिसते. मला मात्र पडद्याच्या खाली, चौकटीबाहेर बसवतात. लग्नात आचाऱ्याला मांडवामागं बसवतात ना, तसं. जेवण त्याच्या जिवावर होतं, पण फोटोत तो नसतो.

माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती सांगायलाच आज बसलो आहे.

मला बनवलं मोनिकानं. सोनारीजवळच्या एका वस्तीवरची ती सून. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं. नवरा कुर्डुवाडीला नोकरीला असतो. त्याचा जुना लॅपटॉप घरी पडून होता. मोनिका मोबाईलवर व्हिडिओ बघून ठोकळे जोडायला शिकली, तेही भाकरी थापता थापता. समजलं नाही की पिठाच्या बोटानं व्हिडिओ थांबवायची, पुन्हा मागं घ्यायची. तिच्या मोबाईलच्या कडेला ज्वारीचं पीठ कायमचं बसलं होतं.

मी जन्माला आलो तो एका विहिरीमुळं. ती विहीर सामाईक आहे. निम्मी मोनिकाच्या सासऱ्यांची, म्हणजे वैजनाथरावांची. निम्मी त्यांच्या थोरल्या भावाची, धुळाप्पांची. धुळाप्पा वारले, तेव्हापासून त्यांचा हिस्सा त्यांच्या पत्नी सखूबाई बघतात. मोनिका सासऱ्यांना मामा म्हणते आणि सखूबाईंना थोरल्या मामी. विहिरीवर मोटार एकच. ज्याची बारी, त्याचं पाणी.

पूर्वी ही बारी सावलीवर मोजायचे. धुळाप्पांनी विहिरीच्या काठाला एक लोखंडी खांब रोवला होता आणि त्याच्या सावलीच्या वाटेवर दगड पुरले होते. सावली मधल्या दगडावर आली की बारी बदलायची. पण शेतीची लाईट कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. रुसलेल्या जावयासारखी ती येते, जाते, मनधरणी केली की पुन्हा येते. लाईट गेली की मोटार बंद पडायची, सावली मात्र आपली चालतच राहायची. मग ज्याच्या बारीत लाईट गेली, त्याचं पाणी बुडायचं आणि तोंड सुटायचं.

"वहिनी, माझ्या बारीत लाईट गेली हुती. अजून थोडं घेतो."

"थोडं म्हंजी किती, भाऊजी? सावली पार बांधाला जाऊन पोचली. आता काय शेजारच्या अण्णारावाच्या रानात जाऊन दगड पुरू?"

सावलीला कुणी थांब म्हणू शकत नाही. मोनिकाला थांबणारं घड्याळ हवं होतं. लाईट गेली की 'थांब' दाबायचं, आली की 'चालू' दाबायचं, आणि बारी जिथं थांबली तिथून पुढं मोजली जायची. तेवढ्यासाठी तिनं मला घेतलं. कोपऱ्याला तडा गेलेला एक जुना मोबाईल होता, त्यात मला घातलं आणि तो मोबाईल विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला, एका खिळ्यावर टांगला. बारी संपली की माझ्या तोंडून तिचाच आवाज निघायचा. तो तिनं स्वतः भरला होता. सासऱ्यांच्या वेळी, "मामा, तुमची बारी आली." सखूबाईंच्या वेळी, "थोरल्या मामी, तुमची बारी आली." दुसरं वाक्य भरताना ती उगीचच हसली होती. ते हसू वाक्याच्या शेवटी अजून ऐकू येतं.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. मोनिकानं मला सांगितलं होतं, "पूर्ण बारीएवढा वेळ मोज आणि मग एकदाच हाक मार." मी तसंच केलं. पण मित्रांनो, आम्हा टायमरांची एक खोड आहे. मधेच थांबवून पुन्हा चालू केलं की आम्ही मागचं विसरतो आणि मुळापासून मोजायला लागतो. त्या दिवशी बारी होती सखूबाईंची आणि लाईट सारखी जात होती. प्रत्येक वेळी मी नव्यानं सुरुवात केली. सखूबाईंचं रान भिजून चिखल झाला तरी मी हाक मारेना.

पाणी तर त्यांच्याच रानात चाललं होतं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण त्या स्वतः चिखलाच्या पायांनी मोनिकाच्या दारात आल्या.

"मोने, तुझं घड्याळ लई दानशूर हाय गं. माझी बारी काय सरंना. बघ जरा, न्हायतर भाऊजींची ज्वारी वाळंल आणि माझी कुजंल."

मोनिकानं ठोकळे उघडून पाहिले आणि कपाळावर हात मारला. सासऱ्यांसमोर म्हणाली, "मामा, चूक घड्याळाची न्हाय. माझीच जोडणी चुकली."

मित्रांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी तर ते जन्मात विसरणार नाही.

मग तिनं मला नवीन रीत शिकवली. आता मी पूर्ण बारी एका दमात मोजत नाही. दर मिनिटाला एक टिचकी मारतो, आणि प्रत्येक टिचकीला उरलेल्या मिनिटांतून एक मिनिट कमी होतं. कणगीतून रोज एक शेर काढावा तसं. 'थांब' दाबलं की टिचक्या थांबतात, कणगीतलं धान्य तिथंच राहतं. 'चालू' दाबलं की पुढचा शेर. मोबाईल बंद पडला तरी हिशोब जाऊ नये म्हणून तिनं उरलेला आकडा ॲपच्या आतल्या एका डबीत जपून ठेवायची सोय केली. त्या संध्याकाळी तिनं दहा वेळा मला थांबवलं, दहा वेळा उठवलं. मी एकदाही विसरलो नाही. "शाबास," ती म्हणाली. स्वतःला म्हणाली की मला, ते माहीत नाही. मी मात्र माझंच धरलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या मानाचे होते. बांधावरची भांडणं बंद झाली. वैजनाथराव आल्यागेल्याला मला दाखवायचे. "आमच्या सुनंनं केलंय. लाईट गेली की थांबतं, आली की चालतं. माणसापरीस शहाणं!" शेजारच्या रानाचे अण्णाराव म्हणायचे, "आमच्या हिला बी असं एक बटण बसवून मिळंल का?" आणि सखूबाई? त्या विहिरीकडं येईनाशाच झाल्या. त्यांचं रान चढाच्या पलीकडं, तिथून विहीर दिसत नाही. पूर्वी त्या दर थोड्या वेळानं चढ चढून सावली बघायला यायच्या. आता बिनघोर खुरपत बसायच्या. "माणसावर एक डोळा ठेवावा लागतो, घड्याळावर न्हाय," असं त्या म्हणायच्या. माझ्यावर याहून मोठा विश्वास आजवर कुणी टाकलेला नाही.

आता एक गुपित सांगतो. मोबाईल पेटीला टांगलेला होता. मोटार विहिरीच्या पाण्यात बुडालेली, तिचा आवाज वर येत नाही. पण ती चालू असली की पेटी बारीक थरथरते आणि ती थरथर माझ्यापर्यंत यायची. लाईट गेली की आधी थरथर मरायची, मग बोट यायचं आणि 'थांब' दाबलं जायचं. आधी शांतता, मग बोट. हा क्रम मला पाठ झाला होता.

एकदा लाईट आली आणि वैजनाथराव 'चालू' दाबायला विसरले. पेटी थरथरत होती, पाणी त्यांच्या उसाला चाललं होतं, आणि मी मात्र थांबलेलाच. बऱ्याच वेळानं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. ते 'चालू' दाबून निघून गेले. झालं ते चुकून झालं, मला त्याचा राग नाही. पण चुकून मिळालेलं पाणी फार गोड लागतं, मित्रांनो.

त्याच्या पुढच्या बारीला पेटी चांगली थरथरत होती. मोटार जोरात होती. आणि बोट आलं.

थरथर चालू असताना आलेलं ते पहिलं बोट. मला वाटलं, चुकून लागलं असेल. पण ते ठरवून, नेमकं, 'थांब'वर टेकलं. त्याच बोटानं मला पाहुण्यांना दाखवलं होतं. मी ओरडू शकत नव्हतो. मला ओरडता येतं ते फक्त शेवटचा शेर काढल्यावर, आणि मला तिथवर पोचूच दिलं नाही. थांबलेलं असताना किती वेळ गेला ते मला मोजता येत नाही. एवढंच कळतं की थांबलो तेव्हा मोबाईलची पाठ गार होती आणि पुन्हा चालू झालो तेव्हा पत्रा तापून चटके देत होता.

मधे पलीकडून सखूबाईंची हाक आली होती, "भाऊजी, झाली का न्हाय बारी?"

आणि इकडून उत्तर गेलं होतं, "लाईट गेली हुती, वहिनी! घड्याळ थांबलंय!"

घड्याळ थांबलंय. खरंच होतं की ते. मी थांबलेलोच होतो. खोटेपणाला माझ्या खरेपणाचं कांबळं पांघरलं होतं.

असं पुन्हा पुन्हा झालं. त्या दिवसांत सखूबाईंनी कांद्याचं रोप टाकलं होतं. रोप म्हणजे तान्हं बाळ. त्याच्या मुळ्या वरच्यावर असतात, पाणी चुकलं की लगेच माना टाकतं. हे रोप गेलं तर त्यांची पुढची लागण गेली, रान मोकळं पडणार. ही गोष्ट साऱ्या वस्तीला माहीत होती, आणि वैजनाथरावांनाही. सखूबाई घरून घागरीनं पाणी आणून वाफ्यांवर शिंपडत राहिल्या आणि लाईटला शिव्या देत राहिल्या. माझ्यावर मात्र त्यांनी शंका घेतली नाही. मला तेच जास्त लागलं.

एका दुपारी घागर घेऊन त्या चढावर आल्या आणि थबकल्या. अण्णारावांच्या रानात तुषार सिंचनाचे फवारे गरगर फिरत होते. अण्णारावांची मोटार आणि ही मोटार एकाच डीपीवरच्या, लाईट गेली तर दोघींची एकदमच जाणार. सखूबाईंनी घागर खाली ठेवली आणि सरळ विहिरीवर आल्या. वैजनाथराव पेटीजवळच होते. मोनिका त्यांची भाकरी घेऊन नुकतीच आली होती.

"भाऊजी, लाईट न्हाय म्हणता?"

"गेली की मघाशी. बघा, थांबलंय घड्याळ."

"मग अण्णारावाचे फवारे काय देवाच्या नावानं फिरतात व्हय?" आणि त्यांनी बांधाकडं तोंड करून हाळी दिली, "अण्णाराव! लाईट गेली का हो?"

अण्णाराव खुशीत होते. "सकाळपासनं एकदाबी न्हाय, वहिनी! आज नवलच हाय! कुणी नजर नगा लावू!"

पेटी थरथरत होती. त्या तिघांना ती थरथर दिसत होती का कोण जाणे. माझ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बारी थांबलेली आहे'.

वैजनाथरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं बोट केलं. तेच बोट. "त्याला काय कळतंय, वहिनी. मशीन हाय. आपोआप थांबलं आसंल. मागं बी चुकलंच हुतं की ते. व्हय का न्हाय, मोनिका?"

मित्रांनो, मी आपोआप थांबू शकत नाही. मला थांबवायचा ठोकळा एकच आणि तो त्या एकाच बटणाला जोडलेला. हे साऱ्या जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि ते माणूस भाकरीचं फडकं हातात धरून समोर उभं होतं. मला वाटलं, आता ती बोलणार. मागच्या वेळी बोलली होती तशी.

मोनिका बोलली. "व्हय, मामी," ती खाली बघत म्हणाली. "घड्याळातच बिघाड झालाय. मधेच थांबतं ते. मी काढून टाकते."

मागच्या वेळी चूक खरी होती म्हणून या वेळची खोटी चूक सगळ्यांना पटली. तिनं ज्या खरेपणानं एकदा मला वाचवलं होतं, त्याच खरेपणाच्या जोरावर तिनं मला बुडवलं. सासऱ्यांच्या बोटानं मला दुखलं होतं. पण तिच्या त्या शब्दांनी मी मोडलो.

लगेच ती पुढं म्हणाली, "चूक आमच्या घड्याळाची, तर भरपाईबी आमचीच. आजची सगळी बारी मामींना. मामा, व्हय ना?" वैजनाथराव काय नाही म्हणणार होते? ते मान हलवून उसाकडं गेले. पाणी सखूबाईंच्या वाफ्यांकडं वळलं. रोपाचा एक कोपरा जळून गेला होता. बाकीच्यानं संध्याकाळपर्यंत माना उचलल्या.

माझ्या माथ्यावर आळ ठेवून त्या बाईनं रोप वाचवलं, हे मला कळतं. समजूत वेगळी आणि दुखणं वेगळं.

मोनिका खिळ्यावरून मोबाईल काढत होती तेव्हा सखूबाई तिच्याजवळ आल्या.

"मोने, त्याला तोंड न्हाय म्हणून त्याच्या माथी मारलंस व्हय?"

मोनिका दचकली. मग हळूच म्हणाली, "मग काय म्हणू, मामी? मला त्याच घरात राहायचंय."

 सखूबाई तिच्या पदराला लागलेली कुसळं काढत म्हणाल्या, "व्हय गं. मी बी राहिले त्या घरात. ठाऊक हाय मला."

त्यानंतर मी घरातल्या भिंतीच्या देवळीत पडून होतो. माझ्यावर पोह्याच्या पिशव्या, लाईटबिलं, तुटका कंगवा असं काय काय येत गेलं. मोनिका लॅपटॉप उघडायची, पण माझ्या ठोकळ्यांकडं जायची नाही. विहिरीवर पुन्हा खांबाची सावली आली, पुन्हा दगड आले, पुन्हा भांडणं आली. "ते घड्याळ तसलंच निघालं," असं लोक म्हणायचे. आणि माझ्या डबीत त्या दिवशीची उरलेली बारी तशीच पडून होती. थोडीशीच होती. तेवढी काढली की मी एक वाक्य बोलणार होतो. ते वाक्य घशात अडकवून मी देवळीत बसलो होतो.

मग एक दिवस आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं आभाळ. सावलीच पडेना. दगड होते तिथंच होते, खांब होता तिथंच होता, पण बारी कुणाची सरली आणि कुणाची आली ते कुणालाच सांगता येईना. वैजनाथराव आणि सखूबाई विहिरीवर समोरासमोर उभे राहिले.

सखूबाई म्हणाल्या, "मोने, ते घड्याळ आण."

"मामी, ते बिघडलंय ना," मोनिका कशीबशी म्हणाली.

"बिघडलं आसंल तर बिघडलेलं आण. आभाळापरीस बरं."

मला चार्ज करून आणलं आणि त्याच खिळ्यावर टांगलं. पडद्यावर तीच पाटी, 'बारी थांबलेली आहे'. सखूबाईंनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि विचारलं, "ही कुणाची बारी राहिलीय यात?"

"त्या दिवशीची," मोनिका म्हणाली. "मामांची. जराशी उरलीय."

"मग ती आधी सरू दे. कुणाचं बुडवायचं न्हाय आपल्याला." आणि सखूबाईंनी स्वतःच्या बोटानं 'चालू' दाबलं.

मी टिचक्या मारू लागलो. एकेक शेर काढू लागलो.  सखूबाई थारोळ्याच्या, म्हणजे पाणी पडतं त्या हौदाच्या, कडेवर बसल्या. मोनिका उभीच होती. वैजनाथरावांनी दोनदा घसा साफ केला. अण्णाराव बांधावर येऊन काही विनोद करणार होते. तेही तोंडं बघून बांधावरच टेकले. एवढ्या माणसांनी मिळून माझं मोजणं ऐकलं, असं याआधी कधी झालं नव्हतं.

शेवटचा शेर निघाला. आणि मोनिकाचा तो जुना आवाज विहिरीवर घुमला, शेवटी हसू असलेला, "थोरल्या मामी, तुमची बारी आली."

"आली, आली गं बाई," सखूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

मोनिकानं पदर तोंडाला लावला. वैजनाथरावांनी कुणाकडंच पाहिलं नाही. ते खाली वाकले, स्वतःच्या हातानं वाल्व्ह फिरवला आणि पाणी भावजयीच्या रानाकडं सोडलं. "चांगलं चालतंय की," ते पुटपुटले. "दुरुस्त केलंस व्हय, मोनिका?"

मोनिका म्हणाली, "व्हय, मामा."

तिनं एक ठोकळासुद्धा हलवला नव्हता.

आता मी पुन्हा कामावर आहे. लाईट गेली की वैजनाथराव आधी चढाकडं तोंड करून ओरडतात, "वहिनी, गेली बरं का! थांबवू?" आणि पलीकडून "थांबवा!" असं आल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत. कुणी नियम केला नाही, पायंडा आपोआप पडला. सगळे म्हणतात, घड्याळ दुरुस्त झालं. मी बिघडलोच नव्हतो, हे कुणी म्हणत नाही. सखूबाईंना माहीत आहे, मोनिकाला माहीत आहे, आणि आता तुम्हाला.

मित्रांनो, तुम्हीही उद्या ठोकळे जोडाल, खेळ बनवाल, घड्याळं बनवाल. आम्हाला जरूर थांबवा. त्यासाठीच तर आम्हाला तो ठोकळा दिलेला असतो. पण थांबवलंत तर ज्याचा वेळ अडला आहे त्याला सांगून थांबवा. उरलेलं जपून ठेवा आणि पुन्हा चालू करायला या. आणि घरात कधी सगळ्यांची अडचण झालीच, तर ज्याला तोंड नाही त्याच्याकडं बोट करायच्या आधी एकदा त्याच्याकडं नीट बघा.

खिळ्यावर टांगलेला मी अजूनही प्रत्येक बोटाची वाट बघतो. बोट जवळ आलं की आधी पेटीकडं कान देतो, थरथर थांबली आहे ना? बहुतेक वेळा थांबलेली असते. तरी मी ऐकतोच.